सेक्टर दहा, पण कुठला?

नवी मुंबईत नुसतं 'सेक्टर १०' सांगून कुणी कुठे पोचत नाही. सेक्टर १० वाशीत आहे, कोपरखैरण्यात आहे, नेरूळ, सानपाडा, ऐरोली, खारघर, कामोठे इथेही आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली, तिनं वाशी-कोपरखैरण्यासारखे नोड एकामागून एक वसवले आणि प्रत्येक नोडमध्ये सेक्टरांची गणती पुन्हा एकपासून सुरू केली. रहिवाशांना त्याची सवय झालेली असते. नव्या गिऱ्हाइकाला नसते, आणि ते हातातल्या फोनवर विसंबून घराबाहेर पडलेलं असतं. छोट्या धंद्याचं ऑनलाइन मार्केटिंग म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे रील आणि जाहिरात येते. इथे ते पत्त्यापासून सुरू होतं आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडलेलं असतं.

हे काम मी जवळून पाहिलं ते कोपरखैरण्यातल्या एका पोळीभाजी केंद्रात. माथाडी वस्तीतल्या चिंचोळ्या घराचा तळमजला, दारातच काउंटर, आत दोन बायका लाटायला आणि एक तव्यावर. मालकीणबाई पाटण तालुक्यातल्या. सगळी वस्ती त्यांना मावशी म्हणते, मीही म्हणते. यजमानांची उमेद तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात पोती वाहण्यात गेली. ते घरी बसल्यावर संसाराचा भार या तव्यावर आला. हिशेब आणि फोन सुनेकडे.

गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. एक वस्तीतलं, वर्षानुवर्षांचं. दुसरं म्हणजे महापे, घणसोली, ऐरोलीच्या कंपन्यांत नव्यानं लागलेली पोरं, एका खोलीत चौघं राहणारी. पहिल्याला पत्ता सांगावा लागत नाही. दुसरं सारखं बदलतं. आज नागपूरचा मुलगा खोली सोडतो, उद्या इंदूरचा येतो. तो शेजारी चौकशी करत बसत नाही; फोनमध्ये 'टिफिन' लिहितो, पुढे 'जवळपास' जोडतो आणि पहिली तीन नावं बघतो. "चांगलं केलं की गिऱ्हाईक आपसूक येतंय गं," हे मावशींचं म्हणणं वस्तीपुरतं अगदी खरं आहे. इंदूरच्या पोराला मात्र चव कळण्याआधी दुकान दिसायला हवं.

गूगलच्या नकाशावर केंद्र होतं. कुणी घातलं ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. अशा नोंदी गिऱ्हाईकही करू शकतं. नाव अर्धंच होतं, नोडचं नाव पत्त्यात नव्हतं आणि खूण मागच्या गल्लीत पडली होती. जेवणाच्या वेळी पोरं मागच्या गल्लीत येऊन फोन करत, आणि तव्याजवळच्या गडबडीत फोन उचलला जात नसे. पुढे ती पोरं कुठे जेवत असतील ते सांगायला नको.

नोंदीखालीच 'हा व्यवसाय तुमचा आहे का?' अशी वाट असते. तिथून मालकी सांगता येते. ही सोय फुकट आहे. २०१४ साली ती 'गूगल माय बिझनेस' या नावानं आली, २०२१ मध्ये तिचं 'गूगल बिझनेस प्रोफाइल' झालं. पूर्वी खात्री करायला टपालानं कार्ड यायचं. आता बहुधा व्हिडिओ मागतात, आणि तो मध्ये न तोडता सलग काढावा लागतो. सुनेनं तो काढताना मी बरोबर होते. सेक्टरच्या पाटीपासून सुरुवात केली, मग शेजारचं औषधाचं दुकान, मग आपला फलक, मग मावशींच्या कमरेच्या किल्लीनं शटरचं कुलूप उघडणारा हात, आत तवा, पिठाचा डबा आणि भिंतीवरचं अन्नपरवान्याचं प्रमाणपत्र. कुणाचा चेहरा दिसू द्यायचा नाही. मावशी मधेच "झालं का गं?" म्हणून पुढे आल्या आणि पुन्हा पाटीपासून चालत यावं लागलं. काही दिवसांनी मंजुरी आली. खूण बोटानं ओढून बरोबर दारावर आणली, पत्त्यात सेक्टरनंतर कोपरखैरणे आणि ४००७०९ हा पिनकोड घातला, आणि ओळखीची खूण म्हणून ते औषधाचं दुकान.

जवळच्या शोधात गूगल मुख्यतः तीन गोष्टी पाहतं: माणूस जे शोधतोय त्याच्याशी धंदा जुळतो का, तो किती लांब आहे, आणि लोकांत त्याची ओळख किती आहे. अंतर आपल्या हातात नाही. पण खूण मागच्या गल्लीत असेल तर तेही चुकीचं मोजलं जातं. जुळणं मात्र पूर्ण हातात आहे. प्रकार नेमका निवडायचा, आणि वर्णनात पोळीभाजीबरोबर टिफिन, चपाती, डबा हेही लिहायचं, कारण शोधणारा काय लिहील ते तो कुठून आलाय त्यावर ठरतं. वेळ दोन तुकड्यांत टाकता येते: दुपारची वेगळी, संध्याकाळची वेगळी. मला विचाराल तर वेळ ही या पानावरची सगळ्यात महत्त्वाची ओळ. उपाशी माणूस बंद शटरसमोर उभा राहिला की तो परत येत नाही, उलट एक तारा देऊन जातो.

घरातूनच डबे पोचवणाऱ्या, दारात गिऱ्हाईक न घेणाऱ्या बायकांनी घराचा पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचे भाग दाखवावेत. असे वीसपर्यंत भाग देता येतात. एकट्यादुकट्या बाईच्या सुरक्षिततेचा हा प्रश्न आहे, आणि तो कुणी आधी सांगत नाही म्हणून इथे सांगते.

फोटोंचं काम मला फार आवडलं. रात्री ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत पिवळी डाळ निळसर आणि शिळी दिसते. सकाळी अकराच्या सुमारास दारातून तिरकं ऊन काउंटरवर येतं, तेव्हा सुनेनं ताट तिथे ठेवलं. काठावर सांडलेली तर्री फडक्यानं पुसली. स्टीलच्या ताटात तिचाच फोन दिसत होता, म्हणून ताट जरा कलतं केलं. तव्यावर टम्म फुगलेल्या चपातीचा फोटो मिळायला बराच वेळ गेला, कारण ती फुगते आणि क्षणात बसते; शेवटी तव्यावरच्या बाईनं "आता!" म्हणायचं आणि हिनं बटण दाबायचं असं ठरलं. इंटरनेटवरून उचललेल्या थाळीच्या चित्रापेक्षा हा एक फोटो शंभर हिश्शांनी चांगला, कारण येणाऱ्याला तेच मिळणार असतं. दरफलकाचाही फोटो टाकला. 'दरासाठी मेसेज करा' हा प्रकार मला पटत नाही. पोळीभाजीचा दर लपवण्यासारखा नसतो, आणि महिनाअखेरीला पैसे मोजणारं पोरगं विचारायला लाजतं.

दुसरं हत्यार व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. २०१८ च्या जानेवारीत आलेलं, वेगळं आणि फुकट अ‍ॅप. यात कॅटलॉग असतो, ठरलेली उत्तरं साठवता येतात, ऑर्डरींना लेबलं लावता येतात. पण खरी मेख दुसरीकडेच आहे. एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात आणि ज्यानं तुमचा नंबर स्वतःच्या फोनात सेव्ह केलाय त्यालाच तो संदेश पोचतो. स्टेटसचंही तसंच, दोघांनी एकमेकांचे नंबर ठेवलेले लागतात. म्हणून काउंटरवर पैशांच्या क्यूआर कोडशेजारी दुसरा क्यूआर चिकटवला आणि सून प्रत्येकाला सांगते, "दादा, नंबर सेव्ह करा, रोज दहा वाजता भाजी कळवते." दहाची वेळ मुद्दाम. साडेबाराला भाजी कळवली तर तोवर कॅन्टीनचं कूपन घेऊन झालेलं असतं. आणि रोज एकदाच, वर सुविचार नाही, फुलं नाहीत. लोकांनी आपल्याला फोनात जागा दिली आहे, तिचा मान ठेवायचा.

अभिप्रायांबद्दल मला कळकळीनं बोलायचं आहे. "शंभर चांगले रिव्ह्यू इतक्या रुपयांत" अशा ऑफर गल्लोगल्ली येतात. घेऊ नयेत. गूगलच्या नियमांत ते बसत नाही, आणि भारतीय मानक ब्यूरोनंही २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढलं आहे. त्याहून मोठं कारण म्हणजे कुठेच न जेवलेल्या माणसाचं कौतुक वाचणाऱ्याला लगेच कळतं. मावशींकडे एकानं लिहिलं होतं, चपात्या जाड होत्या. सुनेला राग आला. मावशी म्हणाल्या, "व्हत्या जाड. त्या दिवशी नवी बाई लाटायला व्हती." तेच मराठीत आणि हिंदीत उत्तर म्हणून लिहिलं, पुन्हा या असंही लिहिलं. त्या उत्तरानं केंद्राची पत वाढली असं मला वाटतं.

फसवणुकीचे फोन तर येणारच. "गूगलमधून बोलतोय, तुमचं लिस्टिंग बंद होणार, पैसे भरा." प्रोफाइल ठेवायला गूगल पैसे घेत नाही; ओटीपी तर कुणालाच द्यायचा नाही. आणखी एक जपायचं: एखाद्या एजंटाकडून काम करून घेतलं तरी मालक म्हणून जीमेल आपलंच हवं, त्याला व्यवस्थापक करायचं. नाहीतर त्याच्याशी बिनसलं की वर्षांचे अभिप्राय आणि नंबर त्याच्या मुठीत राहतात.

जाहिरातीकडे आम्ही शेवटी आलो. सुनेला इन्स्टाग्रामवरचं 'बूस्ट' दाबायचं होतं. दाबण्याआधी तिला नकाशा उघडायला सांगितला. कोपरखैरण्याभोवती १० किलोमीटरचं वर्तुळ काढलं की पश्चिमेला खाडी ओलांडून ते विक्रोळी-भांडुपात शिरतं आणि पूर्वेला पारसिकच्या डोंगरापलीकडे शिळफाट्याला जातं. फोनला खाडी आणि डोंगर दिसत नाहीत. विक्रोळीचा माणूस ऐरोलीच्या नाहीतर वाशीच्या पुलाला वळसा घालून भाजी-चपाती न्यायला येणार नाही, पण त्याला दाखवलेल्या जाहिरातीचे पैसे मात्र कापले जातात. म्हणून एका मोठ्या वर्तुळाऐवजी कोपरखैरणे, घणसोली आणि महाप्यावर छोटी छोटी वर्तुळं ठेवली, खर्च रोजचा ठरवून आणि थोडाच. नवं गिऱ्हाईक आलं की सून विचारते, "कुठून कळलं?" आणि वहीत खूण करते: नकाशा, इन्स्टा, मित्र, रस्त्यावरून. गूगलच्या प्रोफाइलवरही आकडे दिसतात, किती फोन आले, किती जणांनी रस्ता विचारला. पण पैसे कुणी दिले ते वहीच सांगते. त्या वहीत आजवर सगळ्यात जास्त खुणा 'मित्र' आणि 'नकाशा' या दोन रकान्यांत आहेत. दोन्हींना जाहिरातीचा पैसा लागलेला नाही.

गणपतीच्या आधी पुन्हा हा विषय निघाला. उकडीच्या मोदकांना मागणी प्रचंड, आता तरी जाहिरात करू, असं सुनेचं मत. मावशींनी विचारलं, "पारी कोण करणार?" कळ्या नीट पाडणाऱ्या बाया दोनच आहेत, आणि चतुर्थीच्या सकाळी सगळ्यांना मोदक एकाच वेळी गरम हवे असतात. जाहिरात रद्द झाली. कॅटलॉगमध्ये ११ आणि २१ मोदकांचे दर टाकले, आगाऊ पैसे यूपीआयनं, ते येईपर्यंत ऑर्डरीला 'पेमेंट बाकी'चं लेबल, आणि हातांना झेपेल तेवढ्या ऑर्डरी भरताच मोदक कॅटलॉगमधून लपवायचे. गूगलवर त्या दिवसाची वेगळी वेळही टाकली. चतुर्थीच्या आधीच मोदक लपवावे लागले. ज्यांना नाही म्हणावं लागलं त्यांचे नंबर सुनेनं एका नव्या लेबलखाली ठेवले आहेत, 'संकष्टी'. येत्या संकष्टीला आधी त्यांनाच विचारायचं, असं मावशींनी ठरवलं आहे.