देश नसलेल्यांचा फुटबॉल

श्रोतेहो, थंडी सुरू झाली की पुण्या-नागपुरासारख्या शहरांत रस्त्याच्या कडेला स्वेटर विकणारे तिबेटी लोक दिसू लागतात. घासाघीस करून तुम्हीही त्यांच्याकडून कधी कानटोपी घेतली असेल. या लोकांचा फुटबॉलचा एक राष्ट्रीय संघ आहे, असं मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, ‘अहो, राष्ट्रच हाती नाही, मग राष्ट्रीय संघ कुठला?’ आजचं बोलणं या प्रश्नाविषयीच आहे.

जगातील फुटबॉलचा कारभार फिफा ही संस्था पाहते. ती १९०४ साली पॅरिस येथे स्थापन झाली. विश्वचषकासाठी खेळायचे तर आधी फिफाचे सभासद व्हावे लागते. आता गंमत पाहा. संयुक्त राष्ट्रसंघाचे सभासद १९३, आणि फिफाचे मात्र २११! हे कसे? इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड हे एकाच राज्याचे चार भाग, पण संघ चार. हाँगकाँग चीनचा, फेरो बेटे डेन्मार्कच्या छत्राखाली. त्यांचेही संघ वेगळे. नियम सैल होता तेव्हा ही मंडळी आत आली. पुढे नियम कडक झाला. आता जगाने मान्य केलेला स्वतंत्र देश असेल, तरच सहसा दार उघडते.

मग बाहेर राहिलेल्यांनी काय करावे? १९५९ साली दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागून हजारो तिबेटी आले. आपल्या विदर्भात गोठणगावाजवळही त्यांची वसाहत आहे. अशा निर्वासितांच्या मुलांतून संघ उभा राहिला. ३० जून २००१ रोजी तो कोपनहेगनला ग्रीनलंडशी खेळला. ग्रीनलंडही फिफाच्या बाहेरचाच. चीनने हरकत घेतली, तरी सामना झाला. तिबेट ४-१ असा हरला. पण तिबेटच्या नावाने अकरा माणसे मैदानात उतरली, हे काही कमी नाही.

अशा संघांसाठी २०१३ साली कोनिफा नावाची संघटना निघाली. तिची पहिली जागतिक स्पर्धा २०१४ साली स्वीडनमध्ये झाली. २०१६ साली अबखाझियात अंतिम सामना यजमानांनी पेनल्टीवर जिंकला. हरलेला संघ होता ‘पंजाब’, म्हणजे इंग्लंडात राहणाऱ्या पंजाबी मंडळींचा! २०१८ साली लंडनमध्ये सोळा संघ आले, त्यांत तिबेटही होता. चषक मात्र पश्चिम युक्रेनमधल्या हंगेरियन भाषिकांच्या संघाने नेला.

इथे एक सावधगिरी हवी. या विजयानंतर युक्रेनच्या सरकारातून त्या खेळाडूंवर फुटीरतेचा ठपका आला. अबखाझियाला जॉर्जिया आपला प्रांत मानतो, आणि तिथल्या युद्धात घरदार सोडून पळालेले जॉर्जियन लोक आजही परके होऊन राहतात. एकाचा झेंडा फडकला की दुसऱ्याची जखम उघडी पडते. तेव्हा ‘हा नुसता खेळ आहे’ असे म्हणून सुटता येत नाही.

तरीही एक जुनी गोष्ट ऐका. एप्रिल १९५८. अल्जेरियावर फ्रान्सचे राज्य. रशीद मेखलूफी, मुस्तफा झितूनी हे नामांकित खेळाडू फ्रान्सकडून विश्वचषक खेळतील अशी चिन्हे होती. स्पर्धा दोन महिन्यांवर आली असताना ते आणि त्यांचे सोबती गुपचूप फ्रान्स सोडून ट्यूनिसला गेले आणि स्वातंत्र्यलढ्याचा संघ म्हणून खेळू लागले. फिफाने त्यांना मान्यता दिली नाही. संघ आधी झाला, देश नंतर, १९६२ साली. त्याच अल्जेरियाने १९८२ च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनीला २-१ असे हरवले.

सगळ्यांचेच असे होईल, असे मी म्हणत नाही. पण शिक्षकबंधूंनो, वर्गात नकाशा टांगाल तेव्हा मुलांना एवढे जरूर सांगा, की नकाशावरच्या रेषा माणसांनी आखल्या आहेत, आणि त्या रेषांत न मावणारी माणसेही या जगात आहेत. यंदाच्या हिवाळ्यात स्वेटरवाला भेटला, तर भाव करून झाल्यावर त्याला फुटबॉलविषयीही विचारून पाहा.