नव्या गुंतवणूकदाराने सरासरी पत्करावी काय?

बँकेतील मुदत ठेव आणि पोस्टातील बचतपत्रे यांपलीकडे प्रथमच पाऊल टाकणाऱ्या गृहस्थापुढे आज एक नवा प्रश्न उभा राहतो. म्युच्युअल फंडात पैसे घालावयाचे हे ठरले, पण कोणत्या? शेअर पारखून निवडणारा व्यवस्थापक जेथे नेमलेला असतो त्या सक्रिय फंडात, की बाजाराच्या निर्देशांकामागून निमूटपणे चालणाऱ्या निर्देशांक फंडात? प्रश्न कष्टाच्या पैशाचा आहे. म्हणून त्याचा निर्णय जाहिरातीवरून न करता हिशेबाने करावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम निर्देशांक म्हणजे काय ते पाहू. सेन्सेक्समध्ये 30 आणि निफ्टीमध्ये 50 मोठ्या कंपन्या असतात. कंपनीचे जे शेअर बाजारात खरेदी-विक्रीस मोकळे असतात, त्यांच्या एकूण किमतीच्या प्रमाणात तिला निर्देशांकात वजन मिळते. निर्देशांक फंड त्याच कंपन्या त्याच प्रमाणात घेतो. भविष्य वर्तविण्याचे काम त्याच्याकडे नाही; साहजिकच त्याचा खर्चही थोडा. जॉन बोगल यांनी 1976 साली अमेरिकेत सामान्य लोकांसाठी असा पहिला फंड काढला, तेव्हा 15 कोटी डॉलरची अपेक्षा असता सव्वा कोटीही जमले नाहीत. सरासरीवर समाधान कोण मानणार, असा लोकांचा सवाल होता.

या सवालाचे उत्तर अर्थशास्त्रज्ञ विल्यम शार्प यांनी 1991 साली साध्या अंकगणिताने दिले. बाजारातील सर्व शेअर कोणा ना कोणाच्या हाती असतातच. म्हणून सर्व गुंतवणूकदारांचे एकत्रित उत्पन्न म्हणजेच बाजाराचे उत्पन्न. त्यांपैकी बाजाराची नक्कल करणारे वगळले, तर उरलेल्या, म्हणजे निवड करणाऱ्या, मंडळींची सरासरीही खर्चापूर्वी तेवढीच भरणार. त्यांतील एकाने बाजारापेक्षा अधिक मिळविले, तर तेवढे दुसऱ्या कोणाला कमी मिळालेले असते. आता खर्च वजा करा. निवडीचा खर्च अधिक. तेव्हा निवड करणारे समुदाय म्हणून मागे पडणारच. यात कोणाच्या बुद्धीचा अवमान नाही.

खर्चातील एक-दीड टक्क्याचा फरक वरवर किरकोळ वाटतो. उदाहरणादाखल 1 लाख रुपये 25 वर्षे ठेवले आणि खर्चापूर्वी दरसाल 10 टक्के वाढ झाली असे धरू. खर्च पाव टक्का असेल तर हाती सुमारे 10 लाख 24 हजार येतात. पावणेदोन टक्के असेल तर सुमारे 7 लाख 26 हजार. म्हणजे मूळ रकमेच्या जवळजवळ तिप्पट रक्कम खर्चाच्या फरकातच जाते!

कोणी म्हणेल, ‘आम्ही उत्तम व्यवस्थापकच निवडू.’ असे व्यवस्थापक असतातही. पण ते आधी ओळखावयाचे कसे? गेल्या पाच वर्षांचा पहिला क्रमांक पुढील पाच वर्षे टिकेलच याची शाश्वती नसते. शिवाय मागे पडलेल्या योजना पुष्कळदा दुसऱ्या योजनांत विलीन होतात, आणि उरलेल्यांचीच यादी पाहून सर्वच यशस्वी झाले असा भास होतो. वॉरन बफे यांनी 2008 ते 2017 या दहा वर्षांसाठी लावलेली पैज येथे आठवावी. प्रतिपक्षाने निवडलेले पाच फंड सामान्य म्युच्युअल फंड नव्हते, धनिकांचे महागडे हेज फंड निवडून त्यांत पैसे घालणारे होते. 2008 च्या मंदीत ते निर्देशांकापेक्षा कमी घसरले. पण दहा वर्षांअखेर निर्देशांक फंडाची एकूण वाढ 125.8 टक्के झाली, तर पाचांतील सर्वोत्तमाची 87.7 टक्के.

तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शार्प यांचा नियम सर्व निवडकर्त्यांना मिळून लागू आहे. त्यांत फंडांबरोबर घरबसल्या सौदे करणारे हौशी लोकही येतात. त्यांच्या चुकांवर कुशल फंडांना नफा मिळू शकतो. जेथे माहिती तुटपुंजी असते अशा लहान कंपन्यांत तशी संधी अधिक. आपल्याकडे पूर्वी सक्रिय फंड पुढे दिसत, त्याचे एक कारण मात्र मोजपट्टीचे होते: फंडाच्या उत्पन्नात लाभांश धरला जाई आणि निर्देशांकात तो पुष्कळदा धरला जात नसे. फेब्रुवारी 2018 पासून सेबीने लाभांशासहित निर्देशांकाशी तुलना करणे बंधनकारक केले.

निर्देशांक फंड म्हणजे सुरक्षित ठेव नव्हे, हेही बजावून सांगावेसे वाटते. जानेवारी 2008 मध्ये 20,800 च्या वर बंद झालेला सेन्सेक्स मार्च 2009 मध्ये 8,200 च्या खाली आला. सत्यम कंपनीचा घोटाळा जानेवारी 2009 मध्ये उघड झाला, तेव्हा ती निर्देशांकात होती. निर्देशांकामागून चालणाऱ्यास ती आधी विकण्याची मुभा नव्हती. जपानचा निक्केई निर्देशांक तर 1989 अखेरचे शिखर 2024 साली ओलांडू शकला.

म्हणून आमचे मत असे. अडीअडचणीची आणि नजीकच्या काळात लागणारी रक्कम बाजारात घालूच नये. दीर्घ मुदतीच्या पैशाची सुरुवात व्यापक निर्देशांकाच्या, कमी खर्चाच्या फंडाने करावी. एखाद्याच उद्योगाच्या निर्देशांकाचा मोह टाळावा. फंडाचा खर्च किती आणि तो निर्देशांकापासून किती ढळतो, हे पाहावे. स्वतः व्यवहार सांभाळता येत असेल तर दलाली नसलेली डायरेक्ट योजना घ्यावी. पुढे अभ्यास वाढला आणि निवडीची हौस असली, तर चार-पाच वर्षे मागे पडूनही धीर सुटणार नाही एवढीच रक्कम सक्रिय फंडात घालावी. व्यवस्थापक जिंकेल की नाही हे आधी कळत नाही. त्याचे शुल्क मात्र दरवर्षी कापले जाते. नवख्याने निश्चित खर्च कमी करण्यापासून आरंभ करावा, हेच श्रेयस्कर.