वल्हं धरणारी

भंडारा जिल्ह्यातल्या चांदपूरच्या तलावात जाळं संध्याकाळी टाकतात आणि पहाटे उचलतात. सिहोऱ्याच्या पंचक्रोशीबाहेर हा तलाव माहीत आहे तो हनुमानाच्या देवस्थानामुळे, पण बांधला तो धानासाठी. मासे त्यातले वरकड.

पहाटे एका ढिवर, म्हणजे मासेमार, जोडप्याच्या डोंग्यात मला मधे बसवलं आणि हातात डबा दिला. तळाशी झिरपणारं पाणी उपसायचं, म्हणजे पाहुण्यालाही काम. मागं ती, वल्हं घेऊन. पुढं तो, ओणवा, जाळ्याची दोरी चाचपत. या भागात बाई बहुतेक बाजारात पाटीसमोर दिसते. डोंग्यात तिचं काय काम, हे बसल्यावरच समजतं.

तो जाळं ओढतो, एवढंच काठावरून दिसतं. खरं तर डोंगा जाळ्याच्या मापानं सरकला नाही तर त्याला काही ओढता येत नाही. डोंगा पुढं गेला की जाळं बुडाखाली जातं, मागं राहिला की दोरी ताणते आणि कल्ल्यात अडकलेला रोहू फाटून निसटतो. त्यात डोंगराकडून वारा. ती वल्हं जवळजवळ उचलतच नाही. पाण्यातच त्याचं पातं वळवते, मनगटाएवढं मागं, मनगटाएवढं पुढं. तो मासा सोडवतो तेवढा वेळ डोंगा जागच्या जागी. सोडवायचीही रीत आहे. डोकं छिद्रात शिरलेला मासा मागं ओढायचा नाही, पुढं ढकलून पलीकडे काढायचा. तिलापियाचे काटे मात्र बोटं फोडतात.

एका जागी दोरी घट्ट झाली.

“अजी, ओढू नका. खुंट आहे.”

तिनं डोंगा फिरवून उलट्या बाजूला नेला, त्यानं तिकडून हलकेच खेचलं, जाळं अख्खं सुटलं. पाण्याखालचा खुंट तिला कसा ठाऊक? उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा त्याच तळावरून ती चालते. कुठं खुंट, कुठं खडक, कुठं गाळ, सगळं पायांनी बघितलेलं.

पाणी उतरतं ते नहरांनी. पावसाळ्यात बावनथडीला पाणी असलं की सोंड्याटोला उपसा सिंचन योजनेतून ते पंपानं चांदपूरला आणतात. तिथून नहर, पाट, बांध्या, आणि उरलंसुरलं नाल्यांनी वैनगंगेला. डोंग्याला ही वाट बंद. दरवाजे, पुलाच्या मोऱ्या, अरुंद पाट, यांतून जायचं कसं? एके काळी मोठमोठ्या साहेबांना मात्र जाता येईल असं वाटलं होतं. गोदावरी, प्राणहिता, वर्धा, वैनगंगा अशी जलवाट करून मध्य प्रांताचा कापूस बोटींनी पूर्व किनाऱ्याला न्यायचा, हा इंग्रज अभियंता आर्थर कॉटनच्या डोक्यातला बेत. दुम्मागुडेमसारख्या ठिकाणी नदीतल्या खडकाळ अडथळ्यांशी झुंजण्यात वर्षं आणि पैसा गेला, रेल्वे आली आणि 1871 च्या सुमारास काम सोडून दिलं. कापूस रेल्वेनं गेला.

वल्हं धरणाऱ्या हिचा प्रवास तलावाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंतच. पण रोज संध्याकाळी एक फेरा, पहाटे एक, आणि दोन्ही वेळा जाळ्याच्या वेगानं. वर्षाचा हिशेब केला तर समुद्र गाठून परत यावं.

काठावर आल्यावर वजन, बर्फ, पाटी. तो जाळं वाळवायला बसला, ती विकायला निघाली. सहकारी संस्थांच्या वह्यांत अशा घरातून साधारणपणे एकच नाव असतं, पुरुषाचं. तलावाचा ठेका, बोटुकली कधी सोडायची, नहरानं पाणी गेल्यावर माशांपुरतं किती उरवायचं, हे बोलणं त्या नावांमध्येच होतं. तळ ज्यांनी पायांनी पाहिला आहे त्या बायकांना सभासद करून घ्या, आणि पाण्याच्या बैठकीला बोलवा.