तंबूतील सराव, संकटातील आधार : पाळीव प्राण्यांसह शिबिराला जाताना कुटुंबाने कोणती कौशल्ये शिकावीत?

नवी दिल्ली : दिल्लीतील जुन्या रेल्वे पुलाजवळ १३ जुलै २०२३ रोजी यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर पोहोचली. तेथे धोक्याची खूण २०५.३३ मीटरवर आहे आणि त्याआधीचा उच्चांक १९७८ मधील २०७.४९ मीटरचा होता. नदीकाठच्या हजारो रहिवाशांना अल्पावधीत घरे सोडावी लागली. मयूर विहार परिसरात रस्त्याच्या कडेला उभारलेल्या तंबूंमध्ये माणसांच्या जोडीला त्यांची जनावरेही होती. नोएडात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या आठव्या बटालियनने ज्या जनावरांची सुटका केली, त्यांत सुमारे एक कोटी रुपये किमतीचा ‘प्रीतम’ नावाचा वळू होता. सप्टेंबर २०२५ मध्ये यमुनेने पुन्हा २०७ मीटरची पातळी ओलांडली. त्याच वर्षी १७ फेब्रुवारीला पहाटे ५ वाजून ३६ मिनिटांनी धौला कुआं परिसरात केंद्र असलेल्या ४.० तीव्रतेच्या भूकंपाने राजधानीतील असंख्य कुटुंबांना झोपेतून उठवून घराबाहेर आणले होते.

घर अचानक सोडावे लागले तर पाणी, निवारा, प्रकाश, औषधे आणि घरातील मुके प्राणी यांची व्यवस्था कुटुंबाला स्वतः करता येईल का, हा प्रश्न त्यामुळे दिल्ली व राष्ट्रीय राजधानी परिसरात केवळ कल्पनेतला राहिलेला नाही. त्याचे उत्तर शोधण्याचा एक सोपा आणि आनंदाचा मार्ग म्हणजे कुटुंबाने आपल्या कुत्र्या-मांजरासह एक-दोन रात्री तंबूत काढणे. ऑक्टोबर ते मार्च या काळात राजधानी परिसरातील अनेक कुटुंबे अरवलीच्या पायथ्याशी असलेल्या खासगी शिबिरस्थळी किंवा उत्तराखंडच्या डोंगराळ भागात जातात. त्या सहलीकडे सराव म्हणून पाहिले, तर तेथे शिकलेली प्रत्येक गोष्ट आपत्तीच्या वेळी उपयोगी पडते.

प्राण्याला मागे ठेवून जाण्यास माणसे तयार होत नाहीत, हा जगभरचा अनुभव आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली आणि कोल्हापूरला महापुराचा वेढा पडला, तेव्हा गोठ्यातील जनावरे सोडून निघण्यास अनेक शेतकऱ्यांनी नकार दिला होता. अमेरिकेत २००५ मध्ये ‘कॅटरिना’ चक्रीवादळाच्या वेळी पाळीव प्राण्यांसाठी अनेक लोक घरातच थांबले आणि त्यांचे जीव धोक्यात आले. त्यानंतर २००६ मध्ये तेथे कायदा करण्यात आला आणि स्थानिक प्रशासनाच्या आपत्ती आराखड्यात पाळीव प्राण्यांचा विचार आवश्यक ठरला.

जागेची निवड : कुत्रा कोठे नेऊ नये?

पहिला निर्णय जागेचा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांतील प्रवेश नियंत्रित असतो आणि तेथे पाळीव कुत्री नेण्यास मनाई असते. दक्षिण दिल्लीतील असोला भाटी अभयारण्य, गुरुग्रामजवळील सुलतानपूर राष्ट्रीय उद्यान, राजस्थानातील सरिस्का आणि उत्तराखंडातील राजाजी व्याघ्र प्रकल्प ही ठिकाणे त्यामुळे यादीतून वगळावीत. संरक्षित क्षेत्राबाहेर, मालकाच्या परवानगीने आणि कुंपण असलेल्या जागेत मुक्काम करणे योग्य.

या मनाईमागे दोन कारणे आहेत. पहिले कारण रोगप्रसाराचे. कुत्र्यांमध्ये आढळणारा कॅनाइन डिस्टेंपर हा विषाणूजन्य आजार वन्य मांसाहारी प्राण्यांनाही होतो. गुजरातमधील गीरच्या दलखानिया परिक्षेत्रात २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये २३ सिंह दगावले. त्यांपैकी काहींमध्ये हा विषाणू असल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या तपासणीत आढळले होते. टांझानियातील सेरेंगेटीमध्ये १९९४ साली याच आजाराने सुमारे एक तृतीयांश सिंह नष्ट झाले. कायद्याच्या कलम ३३-अ मध्ये अभयारण्यातील आणि त्याच्या पाच किलोमीटर परिघातील पशुधनाच्या लसीकरणाची तरतूद आहे, ती अशाच धोक्यामुळे.

दुसरे कारण थेट कुत्र्याच्या जिवाशी निगडित आहे. महाराष्ट्रातील अकोले तालुक्यात बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास झाला, तेव्हा त्यात पाळीव व भटक्या कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा असल्याचे दिसून आले. दिल्लीच्या असोला भाटीतही बिबट्यांचा वावर स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपला आहे. अरवली असो वा हिमालयाचा पायथा, सूर्यास्तानंतर मोकळा सोडलेला कुत्रा हे बिबट्याचे सहज भक्ष्य ठरते. बिबट्या कुत्र्याच्या मागावर आला, तर तो माणसांच्या मुक्कामापर्यंतही पोहोचतो. म्हणून अंधार पडल्यावर कुत्र्याला तंबूच्या आत किंवा बंद वाहनाऐवजी हवेशीर, बंदिस्त खोलीत माणसांसोबतच ठेवावे, हा नियम कोणत्याही परिस्थितीत मोडू नये.

तयारीचा आरंभ घरातून

मुक्कामाच्या किमान महिनाभर आधी पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टोस्पायरोसिस यांच्या लसी मुदतीत आहेत का, हे पाहावे. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू साचलेल्या पाण्यात व ओलसर मातीत टिकतात, त्यामुळे डबक्यातील पाणी पिणाऱ्या कुत्र्याला त्याचा धोका असतो. दिल्ली महानगरपालिका अधिनियम, १९५७ च्या कलम ३९९ नुसार राजधानीत पाळीव कुत्र्याची नोंदणी आवश्यक आहे. नोंदणीचा बिल्ला आणि मालकाचा दूरध्वनी क्रमांक गळपट्ट्यावर असावा. लसीकरणाचे कार्ड, नोंदणीपत्र आणि प्राण्याचे अलीकडील छायाचित्र जलरोधक पिशवीत ठेवावे.

कुत्र्याला हाकेसरशी परत येणे, सांगितल्यावर एका जागी थांबणे आणि बंद पेटीत शांत बसणे या तीन गोष्टी शिकवलेल्या असाव्यात. मांजरासाठी टोपलीची किंवा पेटीची सवय याहून महत्त्वाची असते. कारण अनोळखी जागी निसटलेले मांजर परत मिळणे फार कठीण. पहिली रात्र गच्चीवर किंवा सोसायटीच्या अंगणात तंबू लावून काढावी. कापडाची सळसळ, विजेरीचा प्रकाश आणि बंदिस्त जागा यांना प्राणी कसा प्रतिसाद देतो, हे घरापासून चार पावलांवर असतानाच कळलेले बरे.

पाण्याचा हिशेब

स्वावलंबनाचा पहिला धडा पाण्याचा असतो. पिण्यासाठी माणशी दिवसाला किमान ३ लिटर पाणी धरावे. कुत्र्याला सर्वसाधारण हवामानात वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते. उन्हात आणि श्रमांनंतर ही गरज वाढते. चार माणसे आणि २० किलो वजनाचा एक कुत्रा दोन दिवसांसाठी निघाले, तर माणसांचे २४ लिटर आणि कुत्र्याचे सुमारे अडीच लिटर मिळून साडेसव्वीस लिटर होतात. थोडी शिल्लक गृहीत धरून ३० लिटर पाणी सोबत घ्यावे. स्वयंपाक व स्वच्छतेचे पाणी याहून वेगळे. हा हिशेब मुलांकडून करवून घ्यावा. झऱ्याचे किंवा विहिरीचे पाणी प्यावे लागलेच, तर ते गाळून खळखळ उकळू द्यावे. उकळी आल्यावर एक मिनिट आणि २,००० मीटरपेक्षा अधिक उंचीवर तीन मिनिटे ती टिकवावी.

अन्नाच्या बाबतीत प्राण्याचा रोजचा आहार बदलू नये. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा आणि लसूण कुत्र्यांना अपायकारक असतात. शिबिरातील मसालेदार उरलेसुरले अन्न त्यांना घालण्याचा मोह टाळावा. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी माणसांची औषधे पशुवैद्यकाला विचारल्याविना देऊ नयेत. मांजरासाठी पॅरासिटामॉल प्राणघातक ठरते.

ऊन, थंडी आणि शेगडीचा धोका

कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवतो. त्याचे सामान्य तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते ४१ अंशांच्या पुढे गेल्यास जीव धोक्यात येतो. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींना हा त्रास लवकर होतो. मे-जूनमध्ये दिल्लीचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा प्राण्यांसह शिबिराचा बेत आखूच नये. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवता येत नसेल, तर त्या रस्त्यावर कुत्र्याचे पंजे भाजतील, असे समजावे. उभ्या असलेल्या बंद मोटारीतील तापमान दहा मिनिटांत १० अंशांहून अधिक वाढू शकते. त्यामुळे खिडकी किंचित उघडी ठेवूनही प्राण्याला आत सोडून जाऊ नये. उष्माघाताची लक्षणे दिसताच सावलीत आणून अंगावर साधे गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि तातडीने दवाखाना गाठावा.

हिवाळ्यात धोका वेगळा. डिसेंबर-जानेवारीत राजधानीतील रात्रीचे तापमान ४-५ अंशांपर्यंत उतरते. जमिनीची थंडी अडवण्यासाठी प्राण्याच्या अंथरुणाखाली जाड सतरंजी किंवा फोमची चटई असावी. उबेसाठी कोळशाची शेगडी तंबूत नेऊ नये. बंद खोलीत अंगीठी पेटवून झोपल्याने गुदमरून मृत्यू झाल्याच्या घटना दिल्लीत दर हिवाळ्यात घडतात. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. झोपलेल्या माणसाला आणि प्राण्याला त्याची चाहूलही लागत नाही. स्वयंपाक तंबूपासून दूर, मोकळ्यावर करावा आणि निखारे पाणी ओतून पूर्ण विझवावेत.

कुत्र्याला बांधण्याची दोरी गळपट्ट्याऐवजी छातीभोवतीच्या हार्नेसला अडकवावी आणि झाडाला बांधताना न सरकणारी गाठ मारावी. सरकगाठीने फास आवळला जाण्याची भीती असते. ही एक गाठ घरातील प्रत्येकाला अंधारातही बांधता यायला हवी.

प्रथमोपचार

सापांचा वावर असलेल्या भागात पायात बूट असावेत, हाती विजेरी असावी आणि कुत्र्याला दगडांच्या ढिगाऱ्यात तोंड घालू देऊ नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांवर देशात एकच बहुगुणी प्रतिविष वापरले जाते आणि पशुवैद्यकही तेच देतात. दंश झालेल्या माणसाला किंवा प्राण्याला शक्य तितके स्थिर ठेवून रुग्णालयात न्यावे. जखम कापणे, विष शोषणे किंवा वर घट्ट दोरी बांधणे यांमुळे इजा वाढते.

गवतातून फिरून आल्यावर कान, बगला आणि पंजांच्या बोटांमधील जागा तपासावी. गोचीड चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ ओढून काढावी. ती चिरडू नये. गोचिडीमुळे एर्लिकियोसिस व बॅबेसियोसिस हे आजार होतात. सहलीनंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, अन्न न घेणे किंवा नाकातून रक्त येणे असे काही दिसल्यास रक्ततपासणी करावी.

कुत्रा, माकड किंवा कोल्हा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रेबीजची लक्षणे सुरू झाल्यावर उपचार जवळजवळ निष्फळ ठरतात. लसीकरण झालेल्या आपल्या कुत्र्याला दुसरा प्राणी चावला, तरीही पशुवैद्यकाला दाखवावे. आणीबाणीत माणसांसाठी ११२ हा क्रमांक आहे. पशुधनासाठीच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकांचा क्रमांक अनेक राज्यांत १९६२ आहे. निघण्यापूर्वीच मुक्कामाजवळचा पशुवैद्यकीय दवाखाना शोधून त्याचा पत्ता कागदावर लिहून घ्यावा, कारण डोंगरात मोबाइलचे जाळे मिळेलच असे नाही.

शिकण्याची ठिकाणे आणि कामांची वाटणी

या कौशल्यांचे शिक्षण देणाऱ्या संस्था राजधानीत आहेत. ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झालेल्या भारत स्काउट्स आणि गाइड्सचे राष्ट्रीय मुख्यालय नवी दिल्लीत असून गाठी, तंबू, नकाशावाचन व प्रथमोपचार हा तिच्या प्रशिक्षणाचा गाभा आहे. चाणक्यपुरीत मुख्यालय असलेली युथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया पदभ्रमण मोहिमा व शिबिरे भरवते. असोला भाटीतील बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संवर्धन शिक्षण केंद्रात अरवलीच्या निसर्गाची ओळख करून घेता येते. तेथे अर्थातच कुत्र्याला घरी ठेवून जावे.

रेल्वेने गावी निघालेल्या कुटुंबाला वातानुकूलित प्रथम वर्गातील दोन किंवा चार शायिकांचा संपूर्ण कक्ष आरक्षित असल्यास कुत्रा सोबत नेता येतो. अन्यथा त्याला गार्डच्या डब्यातील पेटीतून पाठवावे लागते. दोन्ही वेळी पार्सल कार्यालयातील नोंदणी आणि पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र लागते.

शिबिरात प्रत्येकाचे काम आधी ठरलेले असावे. एकाने पाणी पाहावे, एकाने तंबू व दोर, एकाने औषधांची पेटी आणि एकाने प्राणी. लहान मुलांनाही नेमकी जबाबदारी द्यावी. मुक्काम आवरताना प्राण्याची विष्ठा पाण्याच्या स्रोतापासून किमान ६० मीटर दूर, वीतभर खोल खड्ड्यात पुरावी आणि कचरा सोबत परत आणावा.

घरी परतल्यावर सामान माळ्यावर टाकण्यापूर्वी एक पिशवी वेगळी भरावी. तिच्यात प्राण्याचे तीन दिवसांचे खाद्य, पाण्याचे भांडे, जास्तीचा पट्टा, औषधे, कागदपत्रांच्या प्रती, विजेरी आणि शिट्टी असावी. ती दाराजवळ ठेवावी आणि दर सहा महिन्यांनी तपासून खाद्य व औषधे बदलावीत. यमुनेचे पाणी वाढले किंवा पहाटे जमीन हादरली, तर शोधाशोध न करता हीच पिशवी उचलून संपूर्ण कुटुंबाला प्राण्यासह काही मिनिटांत बाहेर पडता येईल.