बर्लिन जिंकलेला ज्यू मल्ल

1936 च्या बर्लिन ऑलिंपिकचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच नावं घेतली जातात, जेसी ओवेन्स आणि ध्यानचंद. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक त्याच वर्षी तिथे जाऊन कबड्डी दाखवून आलं, हेही जुन्या लोकांना ठाऊक असतं. पण कुस्तीचं एवढं वेड असलेल्या महाराष्ट्राला कारोय कार्पाती माहीत नसावा, याचं नवल वाटतं.

जन्म 2 जुलै 1906, हंगेरीतल्या एगर गावचा. घराण्याचं आडनाव केल्नर. कार्पाती हे हंगेरियन नाव पुढे घेतलेलं. वजनी गट 66 किलोचा, प्रकार फ्रीस्टाइल. 1928 साली ॲमस्टरडॅमला तो चौथा आला. रौप्य फ्रान्सच्या शार्ल पाकोमला मिळालं. चार वर्षांनी लॉस एंजेलिसला हाच पाकोम सुवर्ण घेऊन गेला आणि कार्पाती दुसरा राहिला. आता बर्लिन उरलं होतं, आणि तोवर वयाची तिशी गाठलेली.

त्या काळची गुणपद्धत समजून घेतल्याशिवाय या मल्लांची कमाई कळत नाही. आजच्यासारखी बाद फेरी नव्हती. जो हरला त्याच्या नावावर तीन दंडगुण, पंचांचा कौल विभागलेला असेल तर दोन. पण गुणांवर जिंकणाऱ्यालाही एक दंडगुण बसायचाच! चितपट करणाऱ्याची पाटी तेवढी कोरी राही. पाच दंडगुण झाले की मल्ल बाहेर. म्हणजे नुसतं सावध खेळून, गुणांवर निभावत राहणारा जिंकता जिंकताच आटपायचा. आपल्या मैदानात फड जसा चितपटीशिवाय समाधान मानत नाही, तसाच हा हिशेब होता.

बर्लिनच्या डॉइचलांडहालमध्ये कार्पातीसमोर होता यजमानांचा वोल्फगांग एर्ल. हा लॉस एंजेलिसला ग्रीको-रोमनचं रौप्य मिळवलेला कसलेला गडी, आणि प्रेक्षक सगळे त्याचे. कार्पातीने त्याला हरवून सुवर्ण घेतलं. एर्ल दुसरा, फिनलंडचा पिहलायामाकी तिसरा. लढतीला हिटलर स्वतः हजर होता, असं रंगवून सांगितलं जातं. त्या फोडणीची मला गरज वाटत नाही. आठ वर्षांत चौथ्यावरून दुसरा आणि दुसऱ्यावरून पहिला झालेल्या मल्लाचं मोल प्रेक्षागारात कोण बसलं होतं यावर ठरू नये.

त्या वर्षी हंगेरीच्या सुवर्णविजेत्यांत तो एकटाच ज्यू नव्हता. उंच उडीतली इबोया चाक, तलवारबाजीतले इलोना एलेक आणि एन्द्रे काबोश हेही ज्यू वंशाचे. मायदेशाने या पदकांचं कौतुक केलं आणि दोनच वर्षांत, 1938 साली, ज्यूविरोधी कायदा केला. कित्येक व्यवसायांत ज्यूंचं प्रमाण 20 टक्क्यांवर आणलं. 1939 च्या कायद्याने ते 6 टक्क्यांवर घसरलं.

युद्धात ज्यू पुरुषांना सैन्यात हत्यार मिळत नसे. त्यांच्या हाती फावडी देऊन श्रमतुकड्या पूर्व आघाडीवर धाडल्या जात. कार्पातीही त्यात होता. दाविदोव्का इथे त्याच्याच छावणीत अतिला पेटशाउअर होता, तलवारबाजीतल्या 1928 आणि 1932 च्या सांघिक सेबरचा सुवर्णविजेता. कार्पातीने पुढे सांगितलेली हकिकत अशी: ऑलिंपिकच्या दिवसांपासून ओळखीच्या असलेल्या एका हंगेरियन अधिकाऱ्याने पेटशाउअरला हेरलं. 1943 च्या जानेवारीतली हाडं गोठवणारी थंडी. त्याला कपडे उतरवून झाडावर चढायला लावलं, कोंबड्यासारखं आरवायला लावलं आणि वरून पाणी मारलं. पाणी अंगावरच गोठलं. त्यात पेटशाउअर गेला.

‘खेळामुळे माणसं जोडली जातात’ हे वाक्य उद्घाटनाच्या भाषणात शोभतं. इथे छळणारा आणि छळलेला दोघेही एकाच देशाचे ऑलिंपिकपटू होते.

कार्पाती वाचला. ज्या हंगेरीने त्याला फावडं धरायला लावलं, तिथेच तो राहिला, राष्ट्रीय कुस्ती संघाचा प्रशिक्षक झाला, कुस्तीवर पुस्तकं लिहिली. सूड म्हणून नव्हे की क्षमा म्हणूनही नव्हे, मल्लाला दुसरं काय येतं म्हणून, असं आपलं माझं मत. सप्टेंबर 1996 मध्ये बुडापेस्ट इथे तो वारला. तेव्हा तो 90 वर्षांचा होता.