रस्ता रुंद करायचा, पण कुठून कुठपर्यंत?

सोमवारी बाजाराच्या दिवशी बेल्ह्यात गाडी घालून पाहा. जनावरांचे टेम्पो, भाजीच्या पिकअप आणि कल्याणहून अहिल्यानगरकडे निघालेले ट्रक एकाच डांबरी पट्ट्यावर येतात. रस्ता रुंद व्हावा, हे सगळ्यांनाच पटतं. भांडण लागतं ते कोणाच्या बाजूने किती घ्यायचं, यावर. आवाज चढण्याआधी कागद काढले, तर निम्मं भांडण मिटतं.

सुरुवात करायची ती रस्ता कोणाचा, इथून. कल्याण–अहिल्यानगर रस्ता हा राष्ट्रीय महामार्ग ६१. त्याची रुंदी केंद्राच्या यंत्रणेकडून ठरते. आपली ग्रामसभा ठराव करून म्हणणं कळवू शकते, पण तो ठराव बंधनकारक नसतो. प्रमुख जिल्हा मार्ग साधारणपणे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतो, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. गावातले रस्ते ग्रामपंचायतीचे. त्यांची नोंद नमुना २३ मध्ये सापडते. चुकीच्या दारात अर्ज गेला, की महिने वाया जातात.

मग मार्गाधिकार पाहायचा, म्हणजे रस्त्यासाठी असलेल्या जमिनीची पूर्ण रुंदी. डांबर, बाजूपट्टी, गटार, कडेची झाडं सगळं त्यात आलं. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकात मोकळ्या सपाट भागात ही रुंदी राष्ट्रीय महामार्गाला ४५ मीटर, प्रमुख जिल्हा मार्गाला २५, इतर जिल्हा मार्गाला १५ आणि ग्रामीण रस्त्याला १२ मीटर धरली आहे. पण हे मानक आहे, मालकीचा पुरावा नव्हे. तेवढी जमीन आपल्या गावात खरोखर संपादित झाली होती का, हे जुन्या निवाड्यावरून आणि मोजणीवरूनच कळतं.

इथे सर्वात मोठा घोटाळा होतो तो इमारत रेषेचा. महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरपर्यंत बांधकाम नको, आणि ७५ मीटरपर्यंत ते नियंत्रणाखाली, असं ते मानक आहे. या पट्ट्यातली आपली जमीन आपलीच राहते. फक्त बांधण्यावर मर्यादा येते. ‘सरकारने ४० मीटर घेतले’ ही चावडीवरची अफवा बहुतेक वेळा इथूनच उठते.

पुढची पायरी मोजणीची. गाव नकाशात दुहेरी तुटक रेषा दिसली तर तो गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फुटांचा. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट, सव्वाआठ फुटांची. भूमि अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या, लगतच्या खातेदारांना नोटीस पोहोचल्याची खात्री करा आणि मोजणी नकाशाची ‘क’ प्रत हातात आल्याशिवाय खुणांवर विसंबू नका. रस्त्याचा मध्य डांबरावरून धरू नका. वर्षानुवर्षं डांबराचे थर चढताना जिकडे अडथळा कमी, तिकडे रस्ता सरकलेला असतो. मग एका बाजूचा शेतकरी दोनदा जमीन गमावतो, आणि त्याचा राग अगदी रास्त असतो.

जास्तीची जमीन लागलीच, तर राष्ट्रीय महामार्गासाठी १९५६ च्या कायद्यातलं कलम ३अ लागू होतं. त्याची अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत लेखी हरकत द्यावी लागते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने संपादन होत असेल, तर मुदत ६० दिवसांची. वर्तमानपत्रातली बारीक अक्षरातली गट नंबरांची यादी वाचायला हवी ती याचसाठी. मोबदल्यात घर, विहीर, झाडंही मोजली जातात, म्हणून पंचनाम्यावर सही करण्याआधी एकेक नग तपासा. सातबाऱ्यावर वारसांची नोंद राहिली असेल, तर पैसे अडकतात.

छोट्या रस्त्यांचं दुखणं निराळं. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत जमिनीसाठी पैसेच नसतात, त्यामुळे गावाची भिस्त संमतीवर. वडील तोंडी ‘घ्या’ म्हणतात, रस्ता होतो, पंधरा वर्षांनी मुलगा तारेचं कुंपण घालतो. मला दोघांचंही वाईट वाटतं. जो जमीन देतो, त्याला हवा असेल तर मोबदला मागायचा हक्क आधी समजावून सांगायला हवा. आणि तो स्वखुशीने देणारच असेल, तर नोंदणीकृत बक्षीसपत्र करा.

आता प्लॉट पाडणाऱ्यांचं. राज्याची २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली सांगते, की अभिन्यासातले, म्हणजे प्लॉटच्या मंजूर आराखड्यातले, अंतर्गत रस्ते, गटारं विकासकाने स्वखर्चाने करायची. जमीन ०.४ हेक्टर वा जास्त असेल, तर दहा टक्के मोकळी जागाही सोडायची. महामार्गावर तोंड काढायला वेगळी परवानगी लागते. एखादा विकासक ‘बाहेरचा रस्ताही मी करून देतो’ म्हणाला, तर नाही म्हणू नका. पण पैसे ग्रामनिधीत पावती करून घ्या, काम ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकानुसार करा आणि ठरावात स्पष्ट लिहा, की या देणगीने त्याला कोणताही खास हक्क मिळत नाही. ग्रामसभेची गणपूर्ती पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यांपैकी कमी असेल ती. तहकूब सभेला ती लागत नाही, म्हणून असे ठराव बरेचदा तहकूब सभेत मंजूर होतात. त्या दिवशीही हजर राहा.

जमीन गेली, पैसे मिळाले, तरी एक काम उरतं: फेरफार. तेवढं क्षेत्र सातबाऱ्यावरून कमी करून घ्या. ते राहिलं, तर उद्या कुणी तीच जमीन, वर डांबर असतानाही, प्लॉट म्हणून विकतो आणि घेणारा आपल्याच दारात येऊन उभा राहतो.