खिडकीबाहेरची रांग कर्नलमध्ये आली

रेल्वेचं संगणकीकृत आरक्षण 1985 मध्ये दिल्लीत सुरू झालं, तेव्हा किती टर्मिनल जोडलेत हे मोजता येत होतं. उरलेली गर्दी खिडकीबाहेर, स्वतःच्या पायांवर उभी असायची. ऑगस्ट 2002 मध्ये आयआरसीटीसीची ऑनलाइन विक्री सुरू झाली आणि ती रांग थेट सर्व्हरच्या पोटात शिरली.

पोटात म्हणजे कर्नलमध्ये, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात. प्रत्येक जोडणीला एक सॉकेट, त्याला आत-बाहेरचे बफर, आणि ही मेमरी डिस्कवर ढकलून देता येत नाही. त्या काळच्या 32 बिटी लिनक्समध्ये मशीनला रॅम कितीही घाला, कर्नलला थेट वापरता यायची ती साधारण 896 एमबी. त्यामुळे रॅम मोकळी दिसत असतानाही सॉकेटची मेमरी संपल्याची तक्रार लॉगमध्ये उमटे. शिवाय प्रत्येक जोडणीला एक फाइल डिस्क्रिप्टर लागतो, आणि एका प्रोसेसला ते एरवी 1,024 च. त्यापलीकडे हवे तर मर्यादा हाताने वाढवायची. डिसेंबर 2003 च्या 2.6 कर्नलमध्ये ईपोल आलं, आणि हजारो निवांत जोडण्या पुन्हापुन्हा चाळत बसण्याचं काम सुटलं.

संपलेली जोडणीसुद्धा लिनक्समध्ये मिनिटभर ‘टाइम-वेट’मध्ये रेंगाळते. ती लवकर झटकायला अनेक जण टीसीपी-टीडब्ल्यू-रिसायकल नावाची कळ बिनदिक्कत चालू करत. मग एकाच आयपी पत्त्यामागे बसलेल्या ऑफिसातल्या एकाचं पान उघडे, शेजाऱ्याचं नाही, आणि दोष इंटरनेट कंपनीला. 2017 मध्ये 4.12 आवृत्तीतून ती कळच काढून टाकली. बरं झालं. जोडणी स्वीकारली जाण्याआधीच्या रांगेची 128 ही जुनी मर्यादा मात्र 4,096 व्हायला 2019 उजाडलं.

मर्यादा वाढवली की काम झालं, असं मानणाऱ्यांशी माझं जमत नाही. सगळ्यांना आत घेऊन मेमरी संपवणारा आणि शेवटी ओओएम किलरच्या, म्हणजे मेमरी संपली की प्रोसेस मारून टाकणाऱ्या कर्नलच्या यंत्रणेच्या, तावडीत सापडणारा सर्व्हर, दारातच नाही म्हणणाऱ्यापेक्षा वाईट. 2014 च्या नव्या ई-तिकीट यंत्रणेची क्षमता मिनिटाला 2,000 तिकिटांवरून 7,200 झाली. तरी बर्थ तेवढेच, आणि गणपतीत कोकणात जायचं असलेले सगळे एकाच ठोक्याला हजर.

जून 2015 मध्ये रेल्वेने तत्काळ तिकिटांच्या आरक्षणाची वेळच फोडली: एसीसाठी दहा, बिगर-एसीसाठी अकरा. त्यासाठी कर्नलमधल्या एकाही आकड्याला हात लावावा लागत नाही.